लाकडी पेरू, पितळी टोप आणि उत्तरेची खिडकी

माझ्या टेबलावर आत्ता तीन वस्तू आहेत. लाकडी खेळण्यांच्या चितारआळीतून आणलेला लिंबाएवढा पेरू, भातुकलीतला पितळी टोप (माझा अंगठा त्यात जेमतेम मावतो) आणि गंजिफाचं, म्हणजे अवतारांची चित्रं रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या खेळाचं, एक गोल पान. सावंतवाडीतल्या बऱ्याच घरांत असल्या गोष्टी सापडतील. तिन्हींचे फोटो याच टेबलावर, याच खिडकीपाशी निघतात, पण उजेड मात्र प्रत्येकीला वेगळा लावावा लागतो. तो का आणि कसा, ते सांगते.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रासाठी आणि इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रासाठी तांब्या, वांगी, मागे चुण्या पडलेलं कापड अशी मांडणी करण्यात नोकरीतला बराच काळ गेला. आता भाची इथली खेळणी पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवते आणि फोटोंसाठी माझ्याकडे येते. "आत्या, हा टोप फोटोत प्लास्टिकचा का दिसतो गं?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. उत्तर टोपात नसतं, टोपाच्या भोवती काय आहे त्यात असतं. चित्रकलेच्या वर्गात पोरांना हेच सांगून घसा बसायचा.

सामानाचं आधी उरकून टाकू. हातातला फोन, त्याला धरणारा एखादा छोटा स्टँड, दोन-तीन कार्डशीट, ट्रेसिंग पेपरचे मोठे ताव, थर्माकोलचा तुकडा, थोडा काळा कागद आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. स्टँड नसेल तर तांदळाची पुरचुंडी करा आणि फोन तिच्यात रोवून बसवा, चांगला स्थिर राहतो. कॅमेरा असेल तर उत्तम, पण फक्त यासाठी विकत घ्यायला धावू नका. "लाइट बॉक्स" म्हणून विकतात ते घडीचे डबेही नकोत. चहूबाजूंनी सारखा उजेड पडून त्यात सगळ्या वस्तू औषधांच्या जाहिरातीतल्यासारख्या दिसतात.

खिडकी

आमचं घर जुनं, जांभ्याचं. कौलं खाली उतरलेली आणि खिडक्या लहान, त्यामुळे आत दुपारीही दिवा लावावासा वाटतो. तो लावू नका. ट्यूबचा किंवा एलईडीचा उजेड आणि आकाशाचा उजेड यांचे रंग वेगवेगळे. दोन्ही एकत्र पडले की पेरूची एक बाजू निळसर, दुसरी पिवळट होते आणि नंतर कुठल्याही ॲपमध्ये ते नीट जुळवता येत नाही. फोटो काढताना खोलीत एकाच जातीचा उजेड ठेवा.

उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येत नाही, म्हणून चित्रकारांनाही तीच आवडते. टेबल खिडकीला लावून ठेवा, पण तुम्ही खिडकीकडे तोंड किंवा पाठ करून बसू नका. खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला यायला हवी. उजेड पाठीमागून आला की वस्तू सपाट दिसते, समोरून आला की काळी पडते. बाजूने आला की एका अंगाला तेज, मग मधली छटा, मग छाया आणि टेबलावर पडछाया असा क्रम मिळतो, आणि फोटोत गोलाई येते ती त्या क्रमामुळे.

उजेड मऊ आहे की कडक, हे पाहायला एक पांढरं अंडं ठेवा. त्याच्या पडछायेची कड सुरीने कापल्यासारखी दिसली तर उजेड कडक. वस्तूच्या मानाने उजेडाचा स्रोत जितका मोठा, तितकी ही कड विरघळते. इवल्या वस्तूंचा मोठा फायदा इथेच आहे. माणसाचा फोटो काढायला खिडकी लहान पडेल, पण दोन इंचांच्या पेरूपासून दीड फुटावर असलेली तीन फुटी खिडकी म्हणजे त्याच्या दृष्टीने अर्धं आकाश. टेबल आत सरकवत न्या आणि अंड्याची सावली बघा. ती कडक होत जाते, उजेडही उतरतो. म्हणून आधी वस्तू खिडकीजवळ आणा, बाकी सगळं नंतर.

खिडकी पूर्वेची किंवा पश्चिमेची असेल आणि ऊन आत येत असेल, तर चौकटीवर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं मलमल ताणून लावा. जुनं धोतर असेल तर त्याचा पन्नाही चालतो. पांढरं म्हणजे पांढरंच हवं, मळखाऊ नको. कापडाचा रंग थेट फोटोत उतरतो. आमच्याकडे पावसाळ्यात हा खटाटोप लागत नाही. जून ते सप्टेंबर ढगच मलमलीचं काम करतात. बाहेर रपरप चालू असताना सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात मिळणारा उजेड मला वर्षभरातला सगळ्यात चांगला वाटतो. फक्त तो कमी असतो, म्हणून फोन हातात न धरता टेकवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा.

खिडकीच्या समोरच्या बाजूला, म्हणजे सावलीच्या अंगाला, थर्माकोल किंवा पांढरं कार्डशीट उभं करा. ते सावकाश वस्तूकडे सरकवा आणि नजर सावलीवर ठेवा. सावलीतला रंग ओळखू येऊ लागला की थांबा. बहुतेक जण पुढे सरकवतच राहतात आणि सावली पुसून टाकतात, मग पेरू भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखा सपाट होतो. उलट कधी सावली गडद करावीशी वाटली, तर त्याच जागी काळा कागद ठेवून पाहा. पांढऱ्या वस्तूंना, विशेषतः शिंपल्यांना, तो फार शोभतो.

जुन्या घरात माजघरावर एखादं काचेचं कौल असतं. त्यातून उन्हाचा जो कवडसा पडतो, त्याचा मोह सगळ्यांना होतो. कवडशात ठेवलेला टोप दिसतो झकास, पण उजळ भाग आणि अंधार यांतलं अंतर इतकं असतं की फोनला दोन्ही झेपत नाहीत. कवडशासाठीच उघडीप (एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो ते) धरा, बाकीचं काळं राहू द्या. आणि हात चालवा, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि कवडसा मांडणी होईपर्यंत पाटावरून निघून जातो.

मागे काय, खाली काय

एक कार्डशीट घ्या. २२ × २८ इंचांचा पूर्ण ताव घ्या, वहीच्या आकाराचा तुकडा नको. त्याची वरची कड खुर्चीच्या पाठीला चिमट्यांनी अडकवा आणि खालचा भाग टेबलावर सोडा. मध्ये घडी न पडता बाक आला की मागची भिंत आणि खालची जमीन यांच्यातली रेघ नाहीशी होते. वस्तू बाकापासून निदान वीतभर पुढे ठेवा, म्हणजे तिची सावली मागच्या भागावर चढत नाही.

रंग कुठला? लाकडी पेरू हिरवा-पिवळा आणि चकचकीत, म्हणून माझी निवड राखाडी-निळ्या तावाची. आंबे-केळ्यांच्या पिवळ्यालाही तो चालतो. लाल रंगाच्या बाहुलीला मातकट हिरवा. पांढरा ताव सगळ्यांत अवघड, तरी सगळे आधी तोच घेतात. भरजरी कापडं, पैठणीचे पदर, झेंडूच्या माळा यांचा मला कंटाळा आहे. दोन इंचांच्या खेळण्यामागे पैठणी पसरली की बघणारा पैठणीच बघतो. जुना पाट, जांभ्याचा चिरा, पोफळीची विरी यांचा पोत चांगला येतो. त्यातही एक ध्यानात ठेवा: पोत जितका जाड, तितकी वस्तू लहान भासते. गोणपाटावर ठेवलेला टोप मुंगीच्या घरचा वाटेल. विकायला फोटो काढत असाल तर आकार कळलाच पाहिजे. मग टोपात चार तांदूळ टाका किंवा पेरूशेजारी खरं पेरूचं पान ठेवा. रुपयाचं नाणं ठेवलं तरी चालतं, पण ते नेहमी हिशेबाच्या कागदासारखं दिसतं.

एकापेक्षा जास्त वस्तू मांडायच्या असतील तर वस्तुचित्रातला नियम इथेही लागू आहे. दोन वस्तूंच्या कडा नुसत्या एकमेकींना टेकून राहू देऊ नका. एक तर एकीने दुसरीला थोडं झाकावं, नाहीतर मध्ये स्पष्ट मोकळी जागा असावी. फळांचा अख्खा संच रांगेत लावून फोटो काढणाऱ्यांना मी परीक्षक असते तर नापास केलं असतं.

पेरू आणि पान

पेरूवर रंगाची चकाकी असते, म्हणजे त्यावर खिडकीचा एक उजळ ठिपका दिसणार. तो एकच असावा आणि वरच्या बाजूला, थोडा कडेकडे असावा. दोन-तीन ठिपके दिसत असतील तर घरात कुठेतरी दुसरा दिवा किंवा दार उघडं आहे, ते शोधून बंद करा. देठापाशी रंगवलेल्या पानावर ठिपका येत असेल तर उजेड हलवू नका, पेरूच बोटभर फिरवा.

कॅमेरा किती उंचीवर? लोक उभ्याने, वरून फोटो काढतात आणि खेळणं खेळणंच राहतं. फोन खाली आणा, इतका की लेन्स पेरूच्या मध्याच्या पातळीला येईल. आता तो खरा, झाडावरचा वाटू लागेल. टोपासाठी मात्र लेन्स थोडी वर हवी. टोपाच्या तोंडाचा गोल फोटोत लंबगोल दिसतो. तो अगदी मिटला तर टोप डबीसारखा वाटतो आणि फार उघडला तर बशीसारखा. मधली जागा स्क्रीनवर बघत शोधा.

गंजिफाचं पान सपाट, त्यामुळे ते थेट वरून टिपायचं. वर लाखेसारखी चकाकी असल्याने अख्ख्या पानावर पांढरा पडदा येतो आणि खालचा अवतार दिसेनासा होतो. त्यावर उपाय साधा आहे. पानाच्या जागी पर्समधला छोटा आरसा ठेवा आणि फोनच्या जागेवरून आरशात पाहा. आरशात खिडकी दिसली तर पानावर चकाकी येणारच. टेबल किंवा फोन सरकवत आरशातून खिडकी घालवा, मग पान ठेवा. वरून आरशात तुमचा फोनच दिसेल, त्यामागचं छत काळोखं असलं की झालं. खिडकीच्या उलट बाजूला पांढरं कार्ड धरलं तर दोन्ही कडा सारख्या उजळतात. उजेड फार तिरका, जवळजवळ टेबलालगत आणला तर कुंचल्याचे फटकारे आणि रंगाचे थर उठून दिसतात. हाताने रंगवलेलं पान आहे हे दाखवायचं असेल तेव्हा तेच करा.

फोन पानाला समांतर नसेल तर गोल पान लंबगोल होतं. बऱ्याच फोनमध्ये ग्रिड किंवा लेव्हल चालू केल्यावर वरून टिपताना दोन अधिकच्या (+) खुणा दिसतात, त्या एकमेकींवर आल्या की फोन सपाट धरला गेला. दशावतारी गंजिफात १० अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे १२० पानं असतात. सगळी टिपायची असतील तर खिडकीच्या भानगडीत पडू नका. ढग सरकला की दहाव्या पानाचा रंग पहिल्याशी जुळत नाही. त्यासाठी दोन सारखे दिवे लावा आणि पानाची जागा चिकटपट्टीने आखून ठेवा.

दिवे घेताना खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा अधिक असं लिहिलेलं बघा. हा आकडा कमी असलेल्या दिव्याखाली लाल रंग मरतो, आणि आमच्या खेळण्यांत लाल सगळीकडे. दिवा थेट वस्तूवर रोखू नका. मध्ये ट्रेसिंग पेपर उभा करा आणि दिवा त्याच्या मागे फूटभर ठेवा, म्हणजे अख्खा कागद उजळतो आणि तीच तुमची खिडकी होते. दिवा कागदाला चिकटवला तर मध्येच एक झगझगीत ठिपका उरतो. फोटोत आडवे पट्टे आले तर तो दिव्याच्या लुकलुकण्याचा परिणाम. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

पितळ

आता भाचीचा टोप. पितळेला पॉलिश केलं की ते आरसाच होतं, आणि टोप बाहेरून फुगीर असल्याने त्यात सगळी खोली मावते: खिडकीचे गज, पंखा, फोन, तुम्ही, तुमची लाल साडी. त्याच्यावर आणखी उजेड टाकून काही होत नाही. त्याला काय दिसावं ते आपण ठरवायचं.

टोप पांढऱ्या किंवा राखाडी कार्डावर ठेवा. ट्रेसिंग पेपरचा ताव त्याच्याभोवती सात-आठ इंचांवर कमानीसारखा उभा करा, खिडकीच्या बाजूने मागे आणि मग दुसऱ्या बाजूला. वरही एक तुकडा आडवा टाका. समोर फक्त लेन्सपुरती फट ठेवा. अंगात गडद कपडे असू द्या. जमलं तर काळ्या कागदाला लेन्सएवढं भोक पाडून तो फोनपुढे धरा, म्हणजे टोपात फोनऐवजी एक काळा ठिपका दिसेल आणि तो नक्षीत लपतो.

इथपर्यंत केलं की टोप एकसारखा पिवळा होतो आणि कडा मागच्या पांढऱ्यात विरघळतात. भाचीला प्लास्टिक दिसतं ते हेच. धातू ओळखू येतो तो काळ्या-उजळाच्या अदलाबदलीमुळे, आणि आपण सगळं काळं घालवून बसलेलो असतो. म्हणून इंचभर रुंदीच्या काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा आणि टोपाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जेमतेम बाहेर, उभ्या करा. स्क्रीनवर बघत पट्टी बोटाने पुढे-मागे करा. टोपाच्या कडेला एक बारीक गडद रेघ उमटते आणि त्या क्षणी पितळ पितळ होतं. पट्टी फार जवळ आली तर रेघ जाड होऊन काजळी धरल्यासारखी दिसते. या कामाला घाई नको, मला एकेका टोपाला पट्ट्याच जास्त वेळ खातात.

दुसरं, ट्रेसिंग पेपर सगळीकडे सारखा उजळ नको. खिडकीकडे तो तेजस्वी असेल आणि मागे जाताना मंद होत गेला, तर टोपाच्या पोटावरही तेज हळूहळू उतरतं. ती उतरण हवीच. आतला भाग काळं भोक वाटत असेल तर तोच पर्समधला आरसा कोनात धरून आत थोडा उजेड सोडा.

काही जण पोलरायझर फिल्टर लावायचा सल्ला देतात. रंग, वॉर्निश, काच, झाडांची पानं यांवरची चकाकी त्याने बरीच कमी होते, पण धातूवरची जवळजवळ हलत नाही. गंजिफासाठी घ्या, टोपासाठी पैसे घालवू नका. आणि कधी कधी खिडकीचे गज टोपात दिसू द्यावेत. आजीच्या भातुकलीचा फोटो घरच्यांसाठी असेल तर मी ते मुद्दाम ठेवते.

फोन, कॅमेरा

लेन्स आधी पुसा. खोबरेल लागलेल्या बोटाचा ठसा लेन्सवर असला की सगळा फोटो धुरकट येतो, आणि दोष उजेडाला दिला जातो.

फोन वस्तूला चिकटवू नका. फार जवळ गेलं की फोन आपणहून रुंद लेन्सवर जातो, टोपाचं पुढचं अंग फुगतं आणि फोनची सावलीही पडते. फूट-दीड फूट मागे राहा आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो पळीचा दांडा आणि कढईचे कान पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. स्क्रीनवर वस्तूच्या सर्वांत पुढच्या महत्त्वाच्या कडेवर बोट दाबून धरा, फोकस आणि उघडीप बांधली जाते. पांढऱ्या तावावर कॅमेरा सगळं राखाडी करायला बघतो, तिथे उघडीप थोडी वाढवा, कॅमेऱ्यात +१ च्या आसपास. काळ्यावर उलट.

कॅमेरा असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११. इतक्या जवळून वस्तूचा पुढून मागे फक्त पातळ पापुद्रा स्पष्ट येतो, म्हणून लोक एफ/२२ वर, म्हणजे आणखी बारीक छिद्रावर, जातात. मग स्पष्ट भाग वाढतो, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो किंचित मऊ होतो. त्यापेक्षा फोकस पुढून मागे सरकवत पाच-सहा फोटो घ्या आणि संगणकावर एकत्र करा. एन्फ्यूज नावाचं मोफत साधन हे करतं. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स महाग वाटली तर ५० मिमीच्या साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे एक पोकळ नळी, लावा. २५ मिमीची ट्यूब लावली की वस्तू सेन्सरवर साधारण निम्म्या आकाराची उमटते. भातुकलीला तेवढं पुष्कळ.

फोटो काढण्याआधी वस्तू स्वच्छ करा, नंतर नाही. डोळ्याला न दिसणारी धूळ मोठ्या फोटोत कोंड्यासारखी दिसते. मऊ कुंचला आणि हवेचा फुगा जवळ ठेवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. पितळ चिंचेने किंवा पावडरने घासलं तर नक्षीत पांढरं साचतं, ते जुन्या टूथब्रशने काढा आणि पूर्ण कोरडं करा. मग हातमोजे, नाहीतर रुमालाने धरा. कोकणातल्या पावसात पितळ लवकर काळवंडतं, म्हणून ज्या दिवशी घासाल त्याच दिवशी फोटो. जुनी नाणी किंवा पिढीजात वस्तू असतील तर त्यांना मात्र घासूच नका, फक्त धूळ झटका.

नंतरची दुरुस्ती थोडीच. कड सरळ करा, काटछाट करा, पांढरा रंग पांढरा आहे ना बघा. रंग भडक करायचं बटण टाळा. पार्सल उघडल्यावर पेरू फोटोपेक्षा फिका निघाला तर गिऱ्हाईक परत येत नाही.

आणि पावसाळ्यात कॅमेरा कपाटात चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, लेन्सला बुरशी लागते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळी जेल गुलाबी झाली म्हणजे ओल भरली. ती तापवून पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी वेगळा जुना पत्रा ठेवा, स्वयंपाकाचा तवा नको. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.